शिरोबिंदूचा अर्थ : संगीत-मासिकांतील स्वरलेखनाच्या पानाची चिकित्सा

ऐतिहासिक साधनें तपासतांना बखरी, दप्तरें, शकावल्या आणि ताम्रपट यांस जी कसोटी आपण लावतों, ती छापील कागदास लावण्याची आपणांस फारशी संवय नाहीं. छापलें म्हणजे निश्चित झालें, असा समज संग्राहकांमध्येंही रूढ आहे. पोथी हातीं येतांच तिचा लेखक कोण, लिपि कोणती, वळण कोणत्या काळाचें, हे प्रश्न आपण विचारतों. उलट पाऊणशें किंवा शंभर वर्षांपूर्वींचें एखादें मासिक मिळालें, तर त्याचें नांव, वर्ष आणि अंक टिपून तें फडताळांत ठेवतों. प्रस्तुत लेखांत अशाच एका दुर्लक्षित छापील साधनाचा विचार आम्हीं योजिला आहे. संगीतविषयक मासिकांत येणारें ‘चीज व तिचें स्वरलेखन’ हें सदर, त्याची मांडणी आणि त्याची भाषा हा आमचा विषय होय. या पानांवरील एकच चिन्ह दोन ठिकाणीं परस्परविरुद्ध अर्थांनीं येतें, आणि तो अर्थ आधीं न ठरवितां पान वाचणारा मनुष्य खर्जांतला स्वर टीपेंत वाचतो, हें येथें दाखवावयाचें आहे.

(१) पानाची मांडणी

सदराचें स्वरूप बहुतेक ठिकाणीं सारखें असतें. माथ्यावर रागाचें नांव, त्याखालीं ताल व लय. मग आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि गाण्याचा समय सांगणारें चार-सहा ओळींचें टिपण. त्यानंतर चिजेचे शब्द पद्याप्रमाणें सलग. आणि शेवटीं स्वरलेखनाचा मुख्य भाग. या शेवटच्या भागांत प्रत्येक ओळीस थर असतात. वरच्या थरांत स्वरांचीं नामाक्षरें, त्याखालीं चिजेचीं अक्षरें सुटीं करून त्या त्या स्वराखालीं बसविलेलीं, आणि तळाशीं तालाचीं चिन्हें. कोठें स्वरांच्या पायाशीं कालमानाच्या खुणांचा आणखी एक थर आढळतो. उभ्या रेषांनीं तालाचे खंड पाडलेले असतात.

अर्थात् हें पान दोन दिशांनीं वाचावें लागतें. आडवें वाचलें म्हणजे काळाचा क्रम कळतो. उभें वाचलें म्हणजे एकाच क्षणीं कोणता स्वर, कोणतें अक्षर आणि तालाचें कोणतें स्थान एकत्र आलें, तें कळतें. पंचांगाच्या कोष्टकाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस ही रीत नवी वाटणार नाहीं. मात्र पंचांगांतील कोष्टकाच्या माथ्यावर प्रत्येक स्तंभाचें नांव असतें; स्वरलेखनाच्या पानांवर तें नसतें. चिन्हांचा खुलासा ग्रंथाच्या आरंभीं किंवा मासिकाच्या एखाद्या अंकांत एकदां होतो, आणि पुढें वाचकास तो ठाऊक आहे असें गृहीत धरलें जातें. आमच्या सर्व विवेचनाचें मूळ या एका गोष्टींत आहे.

(२) पूर्वपीठिका

हें सदर निर्माण होण्यापूर्वीं चीज कागदावर येत नव्हती असें नाहीं. गवयांच्या, कीर्तनकारांच्या आणि हौशी गृहस्थांच्या वह्यांत चिजा उतरलेल्या असत. पण त्यांत रागाचें नांव, तालाचें नांव आणि शब्द एवढेंच असे. स्वर गुरुमुखांतून यावयाचे. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ १८८० सालीं व ‘संगीत सौभद्र’ १८८२ सालीं रंगभूमीवर आलें. अशा नाटकांच्या छापील प्रतींत पदांवर राग व ताल यांबरोबर ‘चाल’ हा शब्द घालून दुसऱ्या एखाद्या परिचित पदाचा निर्देश करीत. हा निर्देश म्हणजे वाचकाच्या स्मरणाकडे दाखविलेलें बोट होय. ज्या पदाची चाल सांगितली तें पद लोकांच्या तोंडीं होतें तोंवर तो उपयोगी पडला. तें पद विसरलें गेल्यावर निर्देश राहिला आणि चाल गेली.

ही उणीव दूर करण्याची इच्छा त्या काळीं अनेक ठिकाणीं दिसते. पुण्यांत १८७४ सालीं गायन समाजाची स्थापना झाली. बडोद्यास मौलाबक्ष यांनीं स्वतःची स्वरलेखनपद्धति सिद्ध करून शिक्षणास तिचा उपयोग केला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं मुंबईंत असतांना ‘संगीत दर्पण’ नांवाचें मासिक चालविलें. गाणें ऐकण्याची वस्तु आहे तशी ती वाचण्याचीही व्हावी, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दृढ झाला, एवढें यावरून निश्चित होतें.

(३) शार्ङ्गदेवाचा संकेत

परंतु स्वर लिहून ठेवण्याची कल्पना छापखान्यानें आणलेली नव्हे. पुदुकोट्टईजवळील कुडुमियामलै येथील सातव्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखांत स्वरांच्या नामाक्षरांस निरनिराळे अकार, इकार, उकार जोडून स्वरसमूह कोरलेले आहेत. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘संगीतरत्नाकर’ रचिला. त्याच्या स्वरगताध्यायांत अलंकार सांगतांना लेखनाचा संकेतही दिला आहे. मंद्र स्वराच्या डोक्यावर बिंदु द्यावा आणि तार स्वराच्या डोक्यावर उभी रेघ द्यावी, असा तो संकेत होय. मधल्या सप्तकास कांहींच चिन्ह नाहीं.

हा ग्रंथ मंगेश रामकृष्ण तेलंग यांनीं संपादून पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथावलींत १८९६-९७ च्या सुमारास प्रसिद्ध केला. तोंपर्यंत हस्तलिखितांत असलेला हा संकेत त्यामुळें छापील रूपानें मराठी वाचकाच्या हातीं आला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शार्ङ्गदेवाच्या संकेतांत बिंदु व रेघ हीं दोन्हीं चिन्हें डोक्यावरच आहेत. कोणता स्वर खालचा आणि कोणता वरचा, हें चिन्हाच्या जागेवरून कळत नाहीं, चिन्हाच्या आकारावरून कळतें.

(४) दोन विष्णु

विसाव्या शतकाच्या आरंभीं स्वरलेखनाच्या दोन पद्धति पुढें आल्या, आणि दोहोंचे कर्ते विष्णु या नांवाचे महाराष्ट्रीय होते. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२-१९३१) यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. तेथें त्यांनीं स्वतःचा छापखाना घातला, क्रमिक पुस्तकें काढिलीं आणि ‘संगीतामृतप्रवाह’ हें हिंदी मासिकही चालविलें. १९०८ सालीं त्यांनीं मुंबईस विद्यालय उघडलें. दुसरे विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६). व्यवसायानें हे वकील. यांनीं देशभर हिंडून घराण्यांतल्या चिजा मिळविल्या; ‘चतुर पंडित’ या नांवानें संस्कृत ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’, ‘विष्णुशर्मा’ या नांवानें मराठींत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’, आणि चिजांच्या स्वरलेखनासाठीं सहा भागांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सिद्ध केली.

दोघांचे हेतु भिन्न होते, आणि मांडणींतील भेद त्या हेतूंतून निघाला आहे. पलुसकरांस वर्ग चालवावयाचा होता. अनेक मुलांनीं पान पाहून एकाच वेळीं एकच गत म्हणावी, यासाठीं प्रत्येक स्वर किती वेळ धरावयाचा तें निःसंदिग्ध हवें. म्हणून त्यांच्या पद्धतींत स्वराच्या खालीं कालमानाची खूण येते: आडवी रेघ असेल तर एक मात्रा, शून्य असेल तर अर्धी, वाटोळी कंस असेल तर पाव. भातखंड्यांस शेंकडों चिजा थोड्या जागेंत सांठवावयाच्या होत्या. त्यांनीं मात्रेस एक जागा दिली. स्वर लांबवावयाचा असल्यास त्यापुढें आडवी रेघ, आणि एका मात्रेंत दोन किंवा अधिक स्वर घालावयाचे असल्यास त्या सर्वांखालीं एक कंस. पहिली पद्धति शिकविणाऱ्याची आणि दुसरी संग्रह करणाऱ्याची आहे.

पुढें या दोन्ही पद्धति मासिकांत शिरल्या. हाथरस येथून १९३५ सालीं प्रभुलाल गर्ग यांनीं सुरू केलेल्या ‘संगीत’ या हिंदी मासिकानें भातखंडे-पद्धतीचा प्रसार उत्तरेस केला. पलुसकरांच्या पश्चात् शिष्यांनीं १९३१ सालीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. त्याचें ‘संगीत कला विहार’ हें मासिक १९४७ सालीं निघालें व प्रा. बा. र. देवधर यांनीं त्याचें संपादन केलें. संगीताच्या परीक्षांत आजही विद्यार्थ्यांस दोन्ही पद्धतींची ओळख करून देतात. म्हणून कोंकणांतल्या एकाच घरांत, एकाच पेटींत, दोन्ही पद्धतींचीं पानें एकत्र सांपडावीं यांत नवल नाहीं.

(५) परस्परविरुद्ध चिन्हें

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. दोन पद्धतींत चिन्हें निराळीं असतीं तर घोटाळा झाला नसता. अपरिचित चिन्ह दिसलें कीं वाचक थांबतो. अडचण ही कीं, चिन्हें तींच आहेत आणि अर्थ निराळे आहेत.

पहिलें चिन्ह डोक्यावरचा बिंदु. पलुसकर-पद्धतींत त्याचा अर्थ मंद्र, म्हणजे शार्ङ्गदेवाचाच अर्थ. भातखंडे-पद्धतींत डोक्यावरचा बिंदु तार दाखवितो आणि मंद्रासाठीं बिंदु पायाशीं येतो. खालच्या स्वरास खालीं आणि वरच्या स्वरास वर खूण, ही योजना डोळ्यांस सहज पटते. परंतु तीमुळें जुन्या चिन्हाचा अर्थ उलटा झाला. एका वाचनापासून दुसऱ्या वाचनाचें अंतर पूर्ण दोन सप्तकांचें पडतें.

दुसरें डोक्यावरची उभी रेघ. पलुसकरांच्या पानांत ती तार सप्तक दाखविते. भातखंड्यांच्या पानांत ती केवळ मध्यमावर येते आणि त्याचें तीव्रत्व सांगते. तिसरें शून्य. पहिल्या पद्धतींत स्वराखालचें शून्य म्हणजे अर्धी मात्रा. दुसरींत तालाच्या थरांतील शून्य म्हणजे खाली. चौथें फुली. भातखंडे सम दाखविण्यास गुणाकाराची फुली वापरतात. पलुसकर खाली दाखविण्यास अधिकाचें चिन्ह वापरतात. नीट छापलेल्या पानांत या दोहोंत भेद दिसतो. पण खिळा किंचित् तिरपा बसला किंवा शाई पसरली कीं तो भेद नाहींसा होतो. त्रितालांत सम पहिल्या मात्रेवर आणि खाली नवव्या मात्रेवर असल्यामुळें अशा चुकीनें अर्धें आवर्तन सरकतें. समेवर यावयाचें अक्षर खालीवर जातें.

एकाच चिन्हास विरुद्ध अर्थ असणें हें आपल्या परंपरेंत अपूर्व नव्हे. ऋग्वेदांत अक्षराखालील आडवी रेघ अनुदात्ताची आहे. शतपथब्राह्मणांत तीच रेघ उदात्त दाखविते. ऋग्वेदांत डोक्यावरील उभी रेघ स्वरिताची. मैत्रायणी व काठक संहितांत ती उदात्ताची. वैदिक हा घोटाळा करीत नाहीं, कारण शाखा कोणती हें तो आधीं ठरवितो आणि मग अक्षर वाचतो. संगीताच्या पानासही हाच नियम लावावा, असें आमचें म्हणणें आहे: आधीं शाखा, मग पाठ.

(६) खिळे आणि छापखाना

मांडणीचा विचार छापखान्यावांचून पुरा होत नाहीं. देवनागरींत मूळच्याच मात्रा वर, उकार खालीं आणि वेलांट्या बाजूस येतात. त्यांत स्वरचिन्हांची भर पडली म्हणजे एका अक्षराच्या भोंवतीं खिळे जुळविणारास दोन-तीन जास्त खुणा सांभाळाव्या लागतात. डोक्यावरचा बिंदु मिळण्यास अडचण नव्हती, कारण अनुस्वाराचा खिळा पेटींत होताच. पायाशीं बिंदु मात्र मराठीच्या नेहमीच्या लेखनांत येत नाहीं. त्यासाठीं निराळी तजवीज करावी लागे.

अनुस्वाराचा खिळा हाताशीं असण्यांत एक धोकाही होता. स्वराक्षरांच्या थरांतील बिंदु अनुस्वारासारखा दिसतो, आणि जुन्या मराठी लेखनांत अनुस्वारांची रेलचेल. सदर सुरू होण्यापूर्वींच्या टिपणांत ‘गांत’, ‘नींत’ असले शब्द आले तर ते भाषेचे बिंदु आहेत, आणि त्याच पानाच्या खालच्या भागांत तसलाच बिंदु सप्तकाचा आहे. पानाचे दोन भाग एकाच लिपींत असूनही दोन निराळ्या नियमांनीं वाचावे लागतात.

भातखंडे-पद्धतीचें वैदिक लेखनाशीं दिसणारें साम्य येथें नमूद करावेंसें वाटतें. तींत कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, आणि शुद्ध स्वर चिन्हरहित. ऋग्वेदांत अनुदात्ताखालीं आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ, आणि उदात्त चिन्हरहित. एकानें दुसऱ्याचें घेतलें असें अनुमान आम्ही काढीत नाहीं. परंतु औंधच्या स्वाध्याय मंडळासारख्या संस्थांनीं स्वरांकित संहिता छापिल्या, तेव्हां जुळाऱ्यास जी कामगिरी करावी लागली तीच कामगिरी संगीताच्या पानास लागते, एवढें उघड आहे. आणि मुद्रणदोष कोणत्या जागीं संभवतात याचा अंदाजही दोहोंकडे सारखाच बांधतां येतो. डोक्यावरची खूण शेजारच्या अक्षरावर सरकणें व पायाची खूण गळणें हे त्यांतले नेहमीचे प्रकार होत.

(७) सदराची भाषा

भाषेचा विचार दोन भागांत करावा लागतो, कारण टिपण मराठी असतें आणि चीज बहुधा ब्रज किंवा हिंदी असते.

टिपणाची भाषा सूत्रवृत्तीच्या वळणाची आहे. वाक्यें आंखूड, कर्ता बहुधा अध्याहृत. अशा टिपणांत क्रियापदाचें रूप काळजीपूर्वक पाहावें. ‘निषाद आरोहांत वर्ज्य करितात’ आणि ‘निषाद आरोहांत वर्ज्य करावा’ या दोन वाक्यांचा अर्थ एक नव्हे. पहिलें वाक्य गवई काय करतात त्याची नोंद आहे. दुसरें विधि आहे. पहिलें इतिहासाचें साधन होऊं शकतें. दुसरें संपादकाच्या मताचें साधन होतें. संज्ञांच्या बाबतींतही असाच एक धागा सांपडतो. वह्यांतून व गवयांच्या तोंडीं ‘अस्ताई’ असा शब्द असे. छापील पानांत त्याचें ‘स्थायी’ होतें. शब्द संस्कृत झाला म्हणून अर्थ बदलला असें नाहीं, पण लिहिणारा कोणत्या वर्गांत बसून लिहितो तें यावरून कळतें.

चिजेच्या शब्दांत लिपीचा प्रश्न येतो. मराठी खिळ्यांच्या पेटींत नुक्त्याचें अक्षर बहुधा नसे. त्यामुळें हिंदींतला नुक्ता असलेला डकार मराठी पानांत कोठें साधा ड होतो, तर कोठें ऐकण्यावरून र होतो. क्षणवाचक ‘घडी’ हा शब्द ‘घरी’ असा छापला गेला कीं मराठी वाचक त्याचा अर्थ ‘घरांत’ असा करतो आणि चिजेचा सारा भावच पालटतो; वस्तुतः ब्रजभाषेंत ‘घरी’ हें रूपही क्षणवाचक आहे. संपादकानें असा शब्द दुरुस्त करण्याची घाई करूं नये.

अक्षरें मात्रांत वांटलीं जातात तेव्हां शब्दांच्या सीमा पुसल्या जातात. ‘न’, ‘दि’, ‘या’ अशीं तीन अक्षरें तीन मात्रांवर बसविलीं, तर ती ‘नदिया’ आहे कीं ‘न दिया’ आहे हें त्या थरावरून मुळींच सांगतां येत नाहीं. त्यासाठीं वर सलग छापलेले शब्दच पाहावे लागतात. सलग शब्द हा या पानाचा पदपाठ होय, आणि सुटीं अक्षरें ही त्याची संहिता. पदपाठ गमावला कीं संहितेचा अर्थ अनुमानावर राहतो.

अवग्रहाचा उपयोगही लक्षांत घेण्याजोगा आहे. संस्कृतांत लुप्त झालेल्या अकाराची ती खूण. येथें मागील अक्षराचा स्वर पुढील मात्रेंत चालू आहे असें ती दाखविते. व्याकरणाच्या संवयीनें वाचणाऱ्या शास्त्र्यास अशा पानांत जागोजाग संधि झाल्याचा भास होईल. प्रत्यक्षांत तेथें संधि नसून केवळ लांबण असते.

(८) भाट्ये येथील एक सुटें पान

वरील कसोट्या प्रत्यक्ष लावून पाहण्यास एक उदाहरण घेतों. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें, खाडीच्या पलीकडल्या तीरावर भाट्ये हें गांव आहे. समुद्राचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळें येथील घरांत कागद टिकविणें कठीण. वाळवी आणि कसर यांचें भय तर आहेच. शिवाय लोखंडी टांचण्या गंजून त्यांचे तांबूस ठिपके शेजारच्या पानांवर उमटतात. स्वरलेखनाच्या पानांत असा ठिपका अक्षराच्या माथ्यावर पडला तर तो बिंदु म्हणूनच वाचला जातो. म्हणून ठिपका कागदाच्या पाठीमागें उमटला आहे कीं काय, हें आधीं उजेडांत धरून पाहावें.

येथील एका घरांत वह्यांच्या गठ्ठ्यांत आम्हांस संगीत-मासिकाचें एक सुटें पान पाहावयास मिळालें. बांधणारानें माथा कापलेला. त्यामुळें मासिकाचें नांव, रागाचें नांव आणि सलग शब्द, तिन्ही नाहींशीं झालेलीं. ‘त्रिताल’ एवढा शब्द राहिला आहे. स्वरलेखनांत पहिला स्वर निषाद, त्यावर बिंदु. पुढें ऋषभ व गांधार चिन्हरहित. तळाच्या थरांत १, ५, अधिकाचें चिन्ह आणि १३. अंतऱ्याच्या भागांत षड्ज व ऋषभ यांवर उभ्या रेघा. मध्यमास निराळी खूण आहे, आणि कोमलदर्शक खूण कोठेंही नाहीं. निषादावरील बिंदूशेजारीं कोणींतरी शिसपेन्सिलीनें ‘तार’ असें लिहिलें आहे.

शाखा ठरविण्यास येथें तीन प्रमाणें आहेत. पहिलें तालाचें. भातखंडे-पद्धतींत त्रितालाच्या टाळ्यांस क्रमांक देतात, म्हणजे फुलीनंतर २, मग शून्य, मग ३. पलुसकर-पद्धतींत मात्रेचा अंक देतात, म्हणजे १, ५, अधिकाचें चिन्ह, १३. पानांत ५ व १३ आहेत. दुसरें प्रमाण षड्जावरची उभी रेघ. षड्ज व पंचम हे अचल स्वर. त्यांस तीव्रत्व संभवत नाहीं. म्हणून षड्जावरची उभी रेघ तीव्रतेची असूं शकत नाहीं, ती सप्तकाचीच. तिसरें प्रमाण चालीचें. बिंदुयुक्त निषाद मंद्र मानला तर मंद्र निषाद, ऋषभ, गांधार हा यमनाचा सर्वपरिचित उठाव होतो, आणि कोमलरहित स्वर व खूण असलेला मध्यम त्याशीं जुळतात. तोच निषाद तार मानला तर तेथून मध्य ऋषभावर सप्तकाहून अधिक उडी पडते, आणि आरंभच गळ्यास अशक्य होतो. तिन्ही प्रमाणांचा निर्णय एकच : पान पलुसकर-शाखेचें, बिंदु मंद्राचा.

शिसपेन्सिलीचा हात मात्र दुसऱ्या शाखेंत शिकलेला होता. हें क्षुल्लक वाटेल. पण त्याच गठ्ठ्यांतील एका वहींत हीच चीज भातखंडे-चिन्हांत उतरून घेतलेली आहे, आणि तींत आरंभींचा निषाद तार असून सम नवव्या मात्रेवरील अक्षरावर दिली आहे. पुढील काळीं एखादा संपादक ही वही आणि ते पान शेजारीं ठेवून ‘दोन घराण्यांचे दोन पाठभेद’ असें टिपण करील, आणि त्यावर घराण्यांच्या इतिहासाची इमारतही उभारील. वस्तुतः येथें पाठभेद नाहीं. एका लेखकानें दुसऱ्या शाखेचीं चिन्हें स्वतःच्या शाखेच्या अर्थानें वाचलीं एवढेंच आहे. पोथ्यांच्या चिकित्सेंत लेखकप्रमाद व पाठभेद यांत जो विवेक आपण करतों, तो येथें केला नाहीं तर खोटा इतिहास तयार होतो.

(९) एक आक्षेप

गवई लोक या सर्व खटाटोपावर एक आक्षेप घेतात, आणि तो योग्य आहे. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव आणि लयीचें वजन हें कागदावर उतरत नाहीं. मग बिंदूच्या अर्थावर इतका वाद कशाला? आमचें उत्तर असें. पान म्हणजे गाणें नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. पान हा गाण्याविषयींचा दस्तऐवज आहे. निवाडपत्रांत वाद्याचा आवाज ऐकूं येत नाहीं, म्हणून आपण निवाडपत्र टाकून देत नाहीं. त्यांत जेवढें लिहिलें आहे तेवढें बरोबर वाचतों. ज्या चिजांची गुरुपरंपरा तुटली त्यांच्याविषयीं तर असे कागद हाच उरलेला साक्षीदार होय. साक्षीदार थोडें बोलतो म्हणून त्याचें बोलणें उलटें ऐकण्याचा अधिकार कोणास येत नाहीं.

(१०) संग्राहकांस सूचना

शेवटीं संग्राहकांस कांहीं व्यवहाराच्या सूचना करतों. मासिकें बांधतांना वेष्टणें व जाहिरातींचीं पानें काढूं नयेत; अंकाचा काळ व छापखाना बहुधा त्यांवरच असतो. माथा कापूं देऊं नये. ज्या अंकांत चिन्हांचा खुलासा आला असेल त्याची नक्कल किंवा छायाचित्र त्या मासिकाच्या प्रत्येक बाडाबरोबर ठेवावें. चिजांचीं पानें सुटीं करून रागवार लावण्याची हौस पुष्कळांस असते. तसें करावयाचेंच असेल तर प्रत्येक पानावर मासिक, वर्ष, अंक आणि पद्धति यांची नोंद आधीं करावी. अलीकडे जुन्या अंकांच्या छायाप्रति संगणकावर सांठवितात, तें स्तुत्य आहे. पण तेथेंही एकेक पान निराळें काढून दिलें जातें, आणि खुलाशाचें पान मागें राहतें. सूचींत ‘राग’ व ‘ताल’ यांच्या शेजारीं ‘स्वरलेखनाची शाखा’ असा एक रकाना घालावा. शाखा संशयित असेल तेथें तसें स्पष्ट लिहावें. जुन्या वाचकांच्या शिसपेन्सिलीच्या खुणा खोडूं नयेत. त्या चुकीच्या असल्या तरी पान कोणी कसें वाचलें याचा तो पुरावा आहे. आणि हस्तलिखित वहीची नक्कल करतांना चिन्हें दुसऱ्या पद्धतींत बदलून लिहूं नयेत. मूळ चिन्ह जसेंच्या तसें उतरावें व अर्थ समासांत द्यावा.

कोंकणपट्टींतील घरांत अशीं पानें व वह्या अजून पुष्कळ असण्याचा संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं त्या असतील त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं त्या उन्हाच्या झळीपासून दूर, वाऱ्यावर काढून त्यांतील गंजलेल्या टांचण्या काढाव्या आणि वरील रकान्यांप्रमाणें त्यांची यादी करावी, अशी आमची विनंति आहे.